नेम आणि रिकामी जागा

अर्जुनाच्या परीक्षेची गोष्ट आपल्या घराघरांतील मुलांना ठाऊक आहे. झाड दिसत नाही, फांदी दिसत नाही, केवळ पक्ष्याचा डोळा दिसतो, असे तो सांगतो आणि गुरू प्रसन्न होतात. धनुष्यबाणापुरता हा धडा निर्दोष आहे. तथापि जेथे एका वस्तूने दुसरीस ढकलून तिसऱ्याच ठिकाणी पोहोचवायचे असते, तेथे हाच धडा नवशिक्याला हमखास चकवतो. कॅरम हा त्या जातीचा आपल्या ओसरीवरचा खेळ. बिलियर्ड्‌स, स्नूकर आणि पूल ही त्याची श्रीमंताघरची भावंडे.

ही भावंडे आपल्याला अगदीच परकी नाहीत. स्नूकर हा खेळ १८७५ साली जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन या तरुण इंग्रज अधिकाऱ्याने रचला, असे मानले जाते. पुण्यात १९२२ साली जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कलकत्त्यास आणि १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये बिलियर्ड्‌सचे हौशी जगज्जेतेपद मिळविले. अनेक जागतिक विजेतेपदे मिळविणारे पंकज अडवाणी यांचा जन्मही पुण्याचाच, १९८५ चा. त्या खेळांची टेबले आमच्या आदिलाबादच्या सरकारी शाळेत येणे नाही; परंतु त्यांतील नेम शिकविण्याची युक्ती कॅरमच्या पाटावर जशीच्या तशी चालते, आणि तिला खर्च काहीच नाही.

प्रथम चूक कोठे होते ते पाहू. सोंगटी ज्या पॉकेटात घालायची, त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूचा तिच्या कडेवरील बिंदू मूल शोधते. येथवर ठीक. मग ते स्ट्रायकरचा मध्य त्या बिंदूवर रोखते. परंतु स्ट्रायकरला स्वतःची रुंदी आहे! त्याचा मध्य तेथवर पोहोचण्यापूर्वीच त्याची कड सोंगटीला दुसरीकडे लागते. घाव हवा त्याहून भरीव बसतो आणि सोंगटी पॉकेटाच्या बाजूला जाऊन आदळते. जितका कोन तिरपा, तितकी ही फसगत मोठी.

म्हणून नजर सोंगटीवर नव्हे, तर टक्कर होईल त्या क्षणी स्ट्रायकरचा मध्य जेथे असेल, त्या जागेवर हवी. ती जागा आज रिकामी आहे. तेथे पाहण्याजोगे काहीच नाही. पूल शिकविणारे तेथे एक अदृश्य चेंडू कल्पितात आणि त्याला ‘घोस्ट बॉल’ म्हणतात. आम्ही मुलांना ‘मनातला स्ट्रायकर’ असे सांगतो. पूलचा चेंडू ५७.१५ मिलिमीटर व्यासाचा, स्नूकरचा ५२.५ मिलिमीटर, दोन्ही चेंडू सारखे असल्याने ती जागा पुढच्या चेंडूच्या मध्यापासून बरोबर एक व्यास मागे येते. कॅरममध्ये स्ट्रायकर सोंगटीहून मोठा, म्हणून तेथे दोहोंच्या त्रिज्यांची बेरीज धरावी. ती सुमारे साडेतीन सेंटिमीटर भरते.

बाजारात यासाठी ठिपक्यांचे चेंडू मिळतात, प्रकाशाची रेषा टाकणारी उपकरणेही मिळतात. आपल्याला जुन्या वहीचा पुठ्ठा पुरे. त्यावर आपलाच स्ट्रायकर ठेवून वर्तुळ आखावे व कापावे. तेवढ्याच कागदी वर्तुळाच्या दोन घड्या घालून मध्य काढावा आणि पुठ्ठ्याला तेथे टाचणीने छिद्र पाडावे. पॉकेट व सोंगटी यांच्या सरळ रेषेत, सोंगटीच्या मागे तिला टेकवून ही चकती ठेवावी, छिद्रातून पेन्सिलीचा बारीक ठिपका द्यावा, चकती उचलावी आणि त्या ठिपक्यावर नेम धरावा. टकरीच्या घर्षणाने सोंगटी किंचित ओढली जाते, हे पुढे अनुभवाने कळते. आरंभी त्याची चिंता नको.

या चकतीचा खरा उपयोग मात्र नेम चुकल्यावर होतो. एका भिडूने मारणाऱ्याच्या पाठीशी बसून केवळ ठिपक्याकडे पाहावे. स्ट्रायकर ठिपक्यावर जाऊनही सोंगटी चुकली, तर जागा चुकीची हेरली गेली, दोष नजरेचा. स्ट्रायकर ठिपक्यावर गेलाच नाही, तर दोष बोटांचा. दोहोंवरचे उपाय अगदी भिन्न आहेत. आपण मात्र दोन्ही वेळा एकच निकाल देतो: ‘याला नेम नाही.’ असाच निकाल गणितात ‘याला डोके नाही’ असा लागतो, आणि मूल तो निमूटपणे खरा मानते. उत्तर चुकलेल्या मुलाला रीत कळली नव्हती की बेरीज घसरली होती, हे पाहण्याइतकी फुरसत आपण काढली तर किती मुले वाचतील!

वरच्या वर्गातील मुलांना आणखी एक गंमत दाखवावी. पूलमध्ये पांढऱ्या चेंडूचा मध्य पुढच्या चेंडूच्या कडेवर रोखला, तर तो पुढचा चेंडू तीस अंशांनी वळून जातो. कारण तीस अंशांची ज्या अर्धी असते. त्रिकोणमितीचा तक्ता घोकणाऱ्या मुलाला हे उमगले की तो तक्ता पुन्हा रुक्ष वाटत नाही.

एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे. दहा डाव चकतीने झाले की पुढचे दहा डाव मुलाने जागा आधी बोटाने दाखवावी व चकती नंतर ठेवून ताडून पाहावी. त्यानंतर चकती कपाटात ठेवावी. परप्रांतात मुलांना मराठी यावी म्हणून तेलुगू अक्षरांत मराठी वाक्ये लिहून देणारी घरे आम्ही पाहतो. आरंभी त्यात वावगे काही नाही. परंतु तिसऱ्या वर्षीही तोच कागद हाती असेल, तर देवनागरीकडे मुलाची नजर जाणारच नाही. दुरेघी वही जशी एके दिवशी बंद होते, तशीच चकतीही बंद झाली पाहिजे, आणि तो दिवस शिकविणाऱ्यानेच ठरवायचा असतो.

सुटीत पाट निघालाच, तर पुठ्ठ्याची एक चकती कापून पाहावी. आणि मूल चुकले की निकाल देण्याआधी ठिपका पाहावा.