झाडाचं वय, माणसाचा थकवा

नाशिकचा गंगापूर रोड रुंद झाला आणि कडेची झाडं रस्त्यात आली. वाहनं आदळू लागली, बुंध्यांवर रिफ्लेक्टर लागले, तोडीचा वाद उच्च न्यायालयात गेला. एवढ्या कागदपत्रांत झाडाची नोंद दोनच प्रकारे झाली: अडथळा म्हणून, नाहीतर आकडा म्हणून.

आकड्याची सोय कायद्यानेच करून दिली आहे. १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. तोडलेल्या झाडाचं वय जेवढं, तेवढी रोपं लावायची. चाळीस वर्षांच्या झाडापोटी चाळीस रोपं. हिशेब चोख. रोज त्या झाडाखालून जाणाऱ्याचं काय गेलं, हे मात्र त्या हिशेबात कुठेच येत नाही.

ते मोजता येत नाही, ही सबब चालणार नाही. २००८ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी ते मोजलं. माणसांना सुमारे तासभर चालायला पाठवलं. एकदा झाडीतून, एकदा शहरातल्या रहदारीतून. आधी आणि नंतर आकड्यांची रांग उलटी म्हणायला सांगितली. झाडीतून आल्यावर ती म्हणण्याची क्षमता ठळकपणे सुधारली. रहदारीतून आल्यावर तसा फरक दिसला नाही. मन प्रसन्न झालं का, हा प्रश्न वेगळा. इथे थकलेलं लक्ष पुन्हा ताजं झालं का, हे तपासलं होतं.

ही चाचणी इथे करायला महागडी यंत्रं लागत नाहीत. सोमेश्वरचा नदीकाठ इथेच आहे, जेहान सर्कलची गर्दीही इथेच. मानसशास्त्र शिकणारी मुलं शहरात आहेत. कागद, पेन आणि काही सकाळी, एवढ्यावर भागतं.

वाहत्या रस्त्यातलं एकटं झाड नदीकाठच्या राईइतका विसावा देईलच असं नाही. कदाचित देणारही नाही. मग तेही आकड्यानेच कळू द्या. निकाल झाड तोडू पाहणाऱ्यांच्या बाजूने लागला, तर तोही मान्य करावा लागेल. पण न मोजताच नुकसान शून्य धरणं हा हिशेब नव्हे.

वृक्ष प्राधिकरणाने तोडीच्या अर्जात या नुकसानाचा एक रकाना वाढवावा. तोवर रोपं खुशाल लावावीत. भरपाई झाली, असं मात्र म्हणू नये.