शंकरपटातील धुरकरी

अकोल्याच्या जुन्या शहरात पोळा चौक आहे. मोर्णेकाठच्या या दाट वस्तीत आता बैल क्वचितच दृष्टीस पडतात, तरी चौकाने आपले नाव टाकलेले नाही. वऱ्हाडी माणसाच्या मनात बैलाचे स्थान काय, हे यावरून कळावे. म्हणूनच ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा ती येथील शेतकऱ्याच्या जिव्हारी लागली. १६ डिसेंबर २०२१ रोजी त्याच न्यायालयाने अटींसह परवानगी दिली, तळेगाव दशासरसारख्या गावांच्या शंकरपटांचा मार्ग मोकळा झाला, आणि १८ मे २०२३ च्या घटनापीठाच्या निकालाने राज्याची कायदादुरुस्तीही वैध ठरली.

वाद मिटला तो बैलापुरता. पूर्वपरवानगी, पशुवैद्यकीय तपासणी, एक हजार मीटरांची मर्यादा, काठी-चाबकाला मनाई, हे सारे योग्यच आहे. परंतु हे नियम प्राण्यांच्या छळाला आळा घालणाऱ्या कायद्याखाली झालेले आहेत. छकड्यावरील माणसाच्या हाडांची चिंता वाहणे हे त्या कायद्याचे मूळ प्रयोजनच नव्हे. ती कोणी वाहायची, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

पटाचा निकाल सेकंदाच्या अंशावर लागतो. म्हणून छकडा होईल तितका हलका केलेला असतो, आणि हलका म्हणजे धरायला आधार नसलेला. एखादे चाक ढेकळावर आदळले की धुरकरी फेकला जातो. कासरा मनगटाला गुंडाळलेला असेल तर तो फरफटत जातो. तथापि खरा धोका अंतिम रेषेच्या पुढे असतो. रेष माणसांनी आखलेली. बैलांना तिचा पत्ता नसतो. ते भरधाव पुढे जातात, आणि निकाल तेथेच दिसतो म्हणून गर्दीही नेमकी तेथेच दाटते. अशा वेळी समोरचे पोर वाचवायचे तर जोडी एका अंगाला ओढावी लागते, आणि छकडा उलटतो.

धोका पत्करण्यातच मर्दुमकी आहे, हा युक्तिवाद काही वऱ्हाडापुरता नाही. १९६६ साली बेल्जियममधील स्पा येथे मोटारशर्यतीत जॅकी स्ट्युअर्टची गाडी पावसात घसरली आणि तो पेट्रोलने भिजलेल्या अवस्थेत आत अडकून पडला. त्याला सोडविले ते सहस्पर्धकांनी, एका प्रेक्षकाकडून पाना मागून आणून. पुढे त्याने पट्टे, कठडे आणि डॉक्टर यांसाठी आग्रह धरला, तेव्हा त्याची भित्रा म्हणून हेटाळणीही झाली. हा भित्रा तीनदा जगज्जेता ठरला, ही गोष्ट निराळी. मुंबईच्या महालक्ष्मीवर जॉकी आज शिरस्त्राणावाचून शर्यतीत उतरत नाही. शंकरपटात मात्र रुमाल बांधला की भागले, अशीच समजूत दिसते.

जोडी मालकाची, बक्षीस मालकाचे. हाकणारा पुष्कळदा भूमिहीन मजूर. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघातविषयक योजना मृत्यूनंतर दोन लाख रुपये देते, पण ती सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या कुटुंबातील एका व्यक्तीसाठी. मजुराची पाठ मोडली तर घरची चूल कशावर पेटायची?

परवानगी देणारा अधिकारी येथे बरेच काही करू शकतो. अंतिम रेषेपुढे जोडी थांबेल इतकी मोकळी जागा सोडावी, तीत एकही प्रेक्षक नसावा, दोन्ही बाजूंना भक्कम कठडे असावेत, प्रत्येक धुरकऱ्याला शिरस्त्राण आणि त्या दिवसाचा विमा असावा, आणि विम्याची पावती अर्जासोबत जोडलेली असावी. खर्चाची सबब आयोजकांनी सांगू नये. जे मंडळ लाखाचे बक्षीस जाहीर करू शकते, त्याला शिरस्त्राणे परवडत नाहीत हे कोणाला पटणार? पौष-माघात रब्बीची कामे उरकता उरकता पटांची मैदाने आखली जातील. अर्ज त्याआधी येतात.