विद्यापीठ नव्हे, विभाग निवडा

परदेशी शिक्षणाची तयारी चाललेल्या बहुतेक घरांत एक एक्सेल शीट असते. पहिल्या रकान्यात विद्यापीठाचे नाव, दुसऱ्यात क्यूएस या जागतिक विद्यापीठ-क्रमवारीतला क्रमांक, मग शुल्क आणि अर्जाची शेवटची तारीख. ‘ॲम्बिशियस’, ‘मॉडरेट’ आणि ‘सेफ’ असे तीन रंग. तिथे नेमके काय शिकवतात आणि कोण शिकवते, यासाठी मात्र रकानाच नसतो. राहते घर तारण ठेवून कर्ज काढले जात असताना हीच माहिती सुटलेली पाहून माझा जीव कासावीस होतो. क्रमांकावरून परदेशातला अभ्यासक्रम निवडण्याची ही रीत चुकीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी पूर्वपक्ष. तो अडाण्यांचा नाही, म्हणून नीट मांडला पाहिजे. ज्या कुटुंबाने ते शहर कधी पाहिले नाही, ज्यांच्या नात्यागोत्यात तिथे कोणी नाही, त्यांनी पारख करायची कशाच्या आधारावर? क्रमवारी निदान जाणकारांनी केलेली असते. मोठ्या विद्यापीठातले सगळेच विभाग बरे असणार. नोकरी देणारा आधी नाव पाहतो. आणि सरकारही हेच मानते. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठी विद्यापीठ क्यूएस क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असावे लागते. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीनेही पहिल्या पाचशेची अट घातली आहे. मग सामान्य पालकाने वेगळा विचार का करावा?

करावा, कारण ही क्रमवारी जे मोजते ते त्याच्या मुलीला वर्गात मिळणारच नसते. २०२३ पर्यंत क्यूएसचे ४० टक्के गुण प्राध्यापकांच्या मत-सर्वेक्षणावर ठरत. त्या वर्षी सूत्र बदलले: प्राध्यापकांचे मत ३० टक्के आणि नोकरी देणाऱ्यांचे मत १५ टक्के. म्हणजे आजही जवळपास निम्मे गुण लोकमतावर ठरतात. सूत्र बदलले त्याच वर्षी बर्कलीचे कॅलिफोर्निया विद्यापीठ २७व्या क्रमांकावरून थेट १०व्या क्रमांकावर गेले. बारा महिन्यांत तिथल्या शिकवण्यात एवढी क्रांती झाली, असे कोणी म्हणणार नाही. बदलली ती मोजपट्टी.

२००३ पासून निघणारी शांघायची क्रमवारी मतांवर चालत नाही, पण तिचे ३० टक्के गुण माजी विद्यार्थ्यांच्या आणि अध्यापकांच्या नोबेल व फील्ड्स पारितोषिकांचे आहेत. युद्धापूर्वीच्या बर्लिन विद्यापीठातल्या आइन्स्टाईनसारख्यांची नोबेल पारितोषिके आज कोणाच्या खात्यात जमा करायची, बर्लिनमधल्याच हुम्बोल्टच्या की फ्री युनिव्हर्सिटीच्या, यावर वाद झाला आणि त्यावरच्या निर्णयासरशी या विद्यापीठांचे क्रमांक मोठ्या फरकाने खालीवर झाले. शंभर वर्षांपूर्वीच्या पारितोषिकाचा यंदाच्या एम.एस्सी.च्या तासाशी काय संबंध? अमेरिकेतल्या यू.एस. न्यूजच्या यादीची कथा तर त्याहून बोलकी आहे. कोलंबिया विद्यापीठातलेच गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी २०२२ मध्ये आपल्या संस्थेने पुरवलेली आकडेवारी तपासली आणि ती चुकीची असल्याचे उघडपणे मांडले. त्याच वर्षी कोलंबिया दुसऱ्या क्रमांकावरून अठराव्यावर आले. विद्यार्थी तेच होते, ग्रंथालय तेच होते, अध्यापकही तेच होते.

‘सगळेच विभाग बरे असणार’ या समजुतीचे आता पाहू. पुण्या-नाशिकच्या मेकॅनिकलच्या मुलांना जर्मनीतल्या आखेनचे नाव पाठ असते. पण आखेनच्या तांत्रिक विद्यापीठात एकाच नावाखाली दोन वेगळे व्यवहार चालतात. विद्यापीठाच्या नियमित अभ्यासक्रमांना शिक्षणशुल्क नाही, मात्र त्यांतले बरेचसे जर्मन भाषेत चालतात. काही इंग्रजी अभ्यासक्रम विद्यापीठाच्या इंटरनॅशनल अकॅडमीमार्फत चालतात, आणि त्यांना दर सत्राला भरघोस शुल्क पडते. क्रमवारीत या दोन्हींचा क्रमांक अर्थातच एकच. ‘आखेनला ॲडमिशन मिळाली’ या वाक्यातून कर्ज किती काढावे लागेल हेसुद्धा कळत नाही, मग बाकीचे कुठून कळणार?

नोकरीचा मुद्दा सर्वांत वजनदार आहे, आणि त्यात तथ्यही आहे. भारतात परतणाऱ्याला, विशेषतः सल्लागार कंपन्यांत, नावाचा फायदा होतो, हे मी मान्य करतो. पण तिथेच राहून कर्ज फेडण्याचा विचार असेल, तर नावापेक्षा अभ्यासक्रमाचा सरकारी संकेतांक अधिक निर्णायक ठरतो. अमेरिकेत एफ-१ व्हिसावर शिकणाऱ्याला पदवीनंतर ओपीटी या परवानगीखाली बारा महिने काम करता येते. अभ्यासक्रम ‘स्टेम’ (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) वर्गात मोडत असेल तर आणखी चोवीस महिने. आता अर्थशास्त्र घ्या. सर्वसाधारण अर्थशास्त्राचा संकेतांक ४५.०६०१ आणि अर्थमिती व संख्यात्मक अर्थशास्त्राचा ४५.०६०३. दुसरा ‘स्टेम’मध्ये येतो, पहिला येत नाही. दोन विद्यापीठांतल्या पदव्या कानाला सारख्याच लागतात, पण एकीनंतर एक वर्ष हातात असते आणि दुसरीनंतर तीन. हा संकेतांक विद्यापीठ व्हिसासाठी देते त्या आय-ट्वेंटी या कागदावर छापलेला असतो, पण आय-ट्वेंटी हातात पडेपर्यंत निर्णय झालेला असतो. अर्ज करण्यापूर्वी विभागाला एक ईमेल टाकून तो विचारता येतो.

वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे नुकसान याहून कायमचे होऊ शकते. अमेरिकेत वास्तुविशारदाचा परवाना काढायचा तर बहुतेक राज्यांत ‘नाब’ या मंडळाने मान्य केलेली व्यावसायिक पदवी लागते. ही मान्यता बी.आर्क., एम.आर्क. आणि डी.आर्क. यांनाच मिळते. वास्तुशास्त्रातल्या एम.एस.ला ती नसते, मग विद्यापीठ कितीही नामवंत असो. संशोधन करणाऱ्याला एम.एस. उत्तम आहे. पण स्वतःच्या सहीने नकाशे पास करून घेण्याचे स्वप्न पाहणारी मुलगी केवळ क्रमांक पाहून तिथे गेली, तर दोन वर्षांनी तिला कळते की तो दरवाजा या पदवीने उघडत नाही.

मग हे कोणी सांगत का नाही? ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडातल्या अनेक संस्था विद्यार्थी पाठवणाऱ्या एजंटांना प्रवेशामागे कमिशन देतात. जर्मनीतली सरकारी विद्यापीठे असे कमिशन सहसा देत नाहीत. म्हणून ‘मोफत समुपदेशन’ करणाऱ्याने सुचवलेल्या यादीत कोणता देश वर आहे आणि कोणता गायब आहे, ते पालकांनी पाहावे. सगळेच सल्लागार अप्रामाणिक आहेत, असे मी म्हणत नाही. फी विद्यार्थ्याकडून घेऊन मनापासून काम करणारे लोकही या धंद्यात आहेत. पण प्रवेश झाल्यावर ज्याचे पैसे तिकडून येतात, त्याला अभ्यासक्रमाचा तपशील उकरून काढण्याची गरज उरत नाही.

खंडन एवढे पुरे. मंडनाकरिता मी बाबासाहेब आंबेडकरांकडे जातो, कारण परदेशी शिक्षणाचा इतका सजग विद्यार्थी महाराष्ट्राने दुसरा पाहिला नाही. १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियात गेले. तिथे त्यांनी अर्थशास्त्र एडविन सेलिग्मन यांच्याकडे आणि तत्त्वज्ञान जॉन ड्यूई यांच्याकडे घेतले. शिवाय इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र. जातिसंस्थेवरचा त्यांचा पहिला निबंध मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचला गेला. त्याच वर्षी ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. आज त्या संस्थेचे केवढे नाव! १९१६ मध्ये ती अवघ्या एकवीस वर्षांची होती, आणि ऑक्सफर्ड-केंब्रिज शतकानुशतके जुनी. पण चलनाच्या प्रश्नासाठी लागणारे एडविन कॅनन यांच्यासारखे मार्गदर्शक तिथे होते, आणि हिंदुस्थानच्या वित्तव्यवहाराची कागदपत्रे लंडनमध्येच, इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात होती. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ मध्ये निघाला तेव्हा कॅनन यांनी आपले मतभेद नोंदवून त्याला प्रस्तावना लिहिली. प्रश्न, तो समजणारा शिक्षक आणि त्याची साधने एकाच जागी, हीच अभ्यासक्रम निवडण्याची खरी कसोटी आहे.

आजच्या विद्यार्थ्याला ही कसोटी लावणे तेव्हापेक्षा कितीतरी सोपे आहे. जर्मन विद्यापीठे प्रत्येक अभ्यासक्रमाचे मॉड्यूल हँडबुक प्रसिद्ध करतात. प्रत्येक विषय कोण शिकवतो, कोणत्या भाषेत, हिवाळी सत्रात की उन्हाळी, परीक्षा लेखी की तोंडी, आधी काय येत असायला हवे, सगळे त्यात असते. ते कंटाळवाणे असते. तरी वाचावे, आणि आपल्या बी.ई.च्या गुणपत्रिकेशेजारी ठेवून वाचावे. दोन वर्षांच्या १२० क्रेडिटांपैकी किती आपण आधीच शिकलो आहोत आणि प्रबंधाला किती आहेत, हे एका संध्याकाळी कळते. अमेरिकेत हेच काम विभागाचा कोर्स कॅटलॉग करतो. ज्या प्राध्यापकाच्या नावावर आपण भाळलो, तो पुढच्या वर्षी रजेवर तर नाही, तो मास्टर्सच्या मुलांना घेतो की फक्त पीएच.डी.च्या, हे विभागाला विचारावे. तिथे शिकत असलेल्या एखाद्या मराठी मुलाला किंवा मुलीला विचारावे की गेल्या वर्षी कॅटलॉगमधले कोणते विषय प्रत्यक्षात चाललेच नाहीत. एवढे वाचणाऱ्याच्या एसओपीतला, म्हणजे अर्जासोबतच्या उद्देशपत्रातला, ‘हेच विद्यापीठ का’ हा परिच्छेद फक्त नाव बदलून दहा ठिकाणी पाठवता येत नाही, आणि अर्ज वाचणाऱ्यालाही ते दिसते.

राहिला सरकारचा प्रश्न, आणि तो मला सर्वांत जास्त सलतो. शाहू महाराजांचे नाव असलेली शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांतल्या मुलांसाठी आहे, आणि त्यांतल्या अनेकांच्या घरातून परदेशी शिकायला कोणी पहिल्यांदाच निघालेले असते. चूक पचवायला त्यांच्यामागे काही नसते. त्यांची निवड समाजकल्याण खात्याने एका खासगी कंपनीच्या यादीवर सोडू नये. केंद्राने तर २०२२ मध्ये भारतीय समाज, इतिहास आणि संस्कृतीवरचे अभ्यासविषयच आपल्या शिष्यवृत्तीतून वगळले. म्हणजे ज्या विषयावर बाबासाहेबांनी कोलंबियात निबंध वाचला, नेमका तोच. राज्याने निदान आपल्या योजनेपुरती क्रमांकाची अट काढावी. तिच्या जागी अर्जदाराकडून विभागाचा अभ्यासक्रम, मार्गदर्शकांची नावे आणि आपला प्रश्न तिथेच का सुटू शकतो याचे दोन पानी टिपण मागवावे, आणि ते त्या त्या विषयाच्या प्राध्यापकांनी वाचावे. असे प्राध्यापक मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठांत आहेत. त्यांना या कामाला बोलवायला एक शासन निर्णय पुरेल.