नाव नव्हे, फाईल

बासी ईदच्या दुपारी माझी एक माजी विद्यार्थिनी तिच्या वडिलांबरोबर घरी आली. बी.एड. झालेली, उर्दू आणि मराठी दोन्ही चांगलं असलेली मुलगी. शीरखुर्मा झाला, चौकशी झाली आणि मग तिच्या अब्बांनी विषय काढला. वर्षभरात एकोणीस ठिकाणी बायोडाटा पाठवला, एकाही ठिकाणाहून फोन नाही. "सर, नाम देखकेच रख दिया होगा," ते म्हणाले.

मी लगेच मान हलवली. हे वाक्य आपल्याकडे इतकं ऐकू येतं की मान आपोआप हलते. आणि ते खोटंही नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी वर्तमानपत्रातल्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावांचा होता : काही उच्चवर्णीय हिंदू, काही दलित, काही मुस्लिम. मुस्लिम नावाच्या अर्जाला बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश निघाली. म्हणजे अब्बांची तक्रार हवेतली नव्हती.

पण मी तिला सहज म्हटलं, "बेटा, पाठवलेली फाईल जरा मला पाठव."

तिने दोन फाईली पाठवल्या. मराठी बायोडाटा मी माझ्या कॉम्प्युटरवर उघडला, तर पानभर इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम. एक शब्द लागेना. झेरॉक्सच्या दुकानातल्या मुलाने तो कृतीदेवमध्ये टाईप करून दिला होता. कृतीदेवसारखे जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवतात. ज्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट आहे तिथे मराठी दिसतं, जिथे नाही तिथे खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. दुकानात सगळं ठीक दिसलं, प्रिंटही ठीक आली. मुख्याध्यापकांच्या टेबलावर मात्र कचरा पोहोचला.

उर्दू बायोडाटा वर्डमध्ये होता, युनिकोडमध्येच होता. तो वाचता येत होता. मी शेवटच्या ओळीतला मोबाईल नंबर वाचून दाखवला. ती म्हणाली, "सर, हा माझा नंबर नाही." मग स्वतः पाहिलं आणि गप्प झाली.

तिने नंबर नेहमीसारखा पाच-पाच आकड्यांत, मध्ये जागा सोडून लिहिला होता. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते, आकडे मात्र डावीकडून उजवीकडे. मध्ये जागा असली की कॉम्प्युटर ते दोन वेगळे आकडे समजतो आणि उर्दूच्या दिशेने मांडतो. १२३४५ ६७८९० लिहिलं तर ६७८९० १२३४५ दिसतं. आकडे दहाच राहतात, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. आपला स्वतःचा नंबर तर कुणी तपासतही नाही. तिच्या शिक्षणाची वर्षंही अशीच उलटली होती : आधी २०१९, मग २०१६. ज्या शाळेने कदाचित फोन लावला असेल, तो दुसऱ्याच कुणाला लागला असेल, किंवा लागलाच नसेल.

एकोणीसपैकी किती ठिकाणी नाव आड आलं आणि किती ठिकाणी फाईल, हे आता कधीच कळणार नाही. मला खरा त्रास या गोष्टीचा झाला. अन्याय झाला की नाही हे विचारण्याचा हक्कही त्या फाईलीने हिरावून घेतला होता.

त्या दुपारी आम्ही तासभर बसलो. मराठी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला. बदलताना रफार आणि पहिली वेलांटी हमखास चुकतात, म्हणून मूळ प्रिंट शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचली. उर्दूत मोबाईल नंबर सलग लिहिला, जागा न सोडता. वर्षांच्या मध्ये आडवी रेघ न देता 'से' आणि 'तक' लिहिलं. मग दोन्हींची पीडीएफ केली. वर्डची फाईल समोरच्याकडे नस्तालीक फॉन्ट नसेल तर दुसऱ्याच फॉन्टमध्ये उघडते, ओळी सरकतात, एका पानाची दोन पानं होतात. पीडीएफमध्ये फॉन्ट बरोबर जातो. इनपेजची मूळ फाईल तर कुणालाच पाठवू नये. ज्याच्याकडे ते सॉफ्टवेअर नाही त्याच्याकडे ती धड उघडतच नाही.

तिचा इंग्रजी बायोडाटाही पाहिला. तो एका शिकवणी कंपनीसाठी होता, रंगीत चौकटींचा. मोठ्या कंपन्यांत अर्ज बऱ्याचदा आधी सॉफ्टवेअर वाचतं, माणूस नंतर. चौकटी आणि तक्ते असले की त्याचा क्रम चुकू शकतो. तपासायची सोपी रीत आहे. सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. तिथे नाव, शिक्षण, अनुभव नीट ओळीने आले तर ठीक. तिच्या फाईलीत पदवी पत्त्याच्या मध्ये घुसली होती. आम्ही चौकटी काढल्या. फाईलीचं नाव 'बायोडाटा फायनल नवीन २' होतं, तिथे तिचं पूर्ण नाव आणि विषय घातला. शेवटी ती अब्बांच्या जुन्या फोनवर पाठवून उघडून पाहिली. ही शेवटची पायरी सगळ्यांत महत्त्वाची. फाईल आपल्याकडे कशी दिसते याला काही किंमत नाही, समोरच्याकडे कशी दिसते तेच खरं.

काहीजण म्हणतील, सर, तुम्ही पीडितालाच दोष देताय. नाही. त्या अभ्यासातले अर्ज नीटच होते, तरी मुस्लिम नावं मागे पडली. सुबक फाईल हा भेदभावावरचा इलाज नाही, आणि त्याविरुद्ध बोलणं थांबवायचं कारण तर मुळीच नाही. पण दार आधीच किलकिलं असताना आपलाच जोडा त्यात कशाला अडकवायचा? नाव बदलता येत नाही, बदलूही नये. फाईल बदलता येते.

दोष द्यायचाच तर मला द्या, आम्हा शिक्षकांना द्या. अर्जलेखन आम्ही वर्षानुवर्षं शिकवतो. समास किती सोडायचा, 'आपला विश्वासू' कुठे लिहायचं, त्याचे गुण देतो. पण तो अर्ज आता कागदावर जात नाही, हे आमच्या तासाला अजून कळलेलं नाही. उर्दू शाळेत तर ही गरज दुप्पट आहे, कारण आपली मुलं तीन भाषांत आणि दोन दिशांत लिहितात. दहावीच्या वर्गाला दोन तास पुरतील. मोहल्ल्याच्या वाचनालयात रविवारी एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि एक जाणता माणूस बसला तरी पुरेल. मी आमच्याकडे बसायला सुरुवात केली आहे.

त्या मुलीला नंतर दोन शाळांतून फोन आले. एका ठिकाणी नमुना पाठ झाला, नोकरी अजून नाही. परवा भेटली तेव्हा म्हणाली, "सर, आता नाही म्हणाले तरी मलाच नाही म्हणाले असतील, फाईलीला नाही."