छताच्या वर काय भरलंय, हेही विचारा



शाळेत अग्निसुरक्षेचा विषय निघाला की आपण दोन गोष्टी मोजतो. आग विझवायची नळकांडी किती आणि बाहेर पडायचे दरवाजे किती. दोन्ही मोजायलाच हव्यात. पण भिंतीच्या आत आणि छताच्या वर कोणतं सामान भरलंय, हे सहसा कुणी विचारत नाही. माझं स्पष्ट मत आहे की हा प्रश्नही तितक्याच आग्रहाने विचारला गेला पाहिजे.

विज्ञानाच्या तासाला आपण सुवाहक आणि दुर्वाहक शिकवतो. दुर्वाहकाचं उदाहरण म्हणून थर्माकोल हमखास येतो. त्यात बहुतांश हवाच असते, म्हणून तो उष्णता अडवतो. इथपर्यंत पाठ बरोबर आहे. पण पाठाचा उरलेला अर्धा भाग राहून जातो. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन, आणि ते खनिज तेलापासून मिळणाऱ्या रसायनांचं बनतं. म्हणजे मुळात ते इंधनच! साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास ते मऊ पडून आकसायला लागतं, पुढे वितळतं, पेटलं की त्याचे जळते थेंब खाली पडतात आणि दाट काळा धूर होतो. पत्र्याच्या दोन थरांमध्ये भरतात तो पफ, म्हणजे पॉलियुरेथेन, जळताना कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही सोडतो. अशा आगीत माणूस ज्वाळांच्या आधी धुराने कोसळतो.

याची किंमत जगाने मोजलेली आहे. ११ एप्रिल १९९६ रोजी जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ विमानतळावर इमारतीच्या वरच्या रस्त्यावर वेल्डिंगचं काम चालू होतं. ठिणग्यांमुळे खालच्या छतातल्या पॉलिस्टायरीनने पेट घेतला. १७ माणसं गेली, बहुतेक धुराने. ते फोम काही त्या दिवशी बसवलेलं नव्हतं. ते छतात गुपचूप पडून होतं, आणि वर काम करणाऱ्यांना आपल्या पायाखाली काय आहे याचा अंदाज नव्हता.

दुसरं उदाहरण लंडनच्या ग्रेनफेल टॉवरचं. १९७४ साली पूर्ण झालेली ही २४ मजली काँक्रीटची इमारत. २०१६ मध्ये तिचं नूतनीकरण संपलं. बाहेरून फोमचे बोर्ड आणि त्यावर प्लास्टिकचा गाभा असलेले अॅल्युमिनियमचे पत्रे बसवले गेले. १४ जून २०१७ च्या रात्री चौथ्या मजल्यावरच्या एका फ्रिजपासून आग लागली, ती बाहेरच्या आवरणातून वर चढली, आणि ७२ जणांचा जीव गेला. चौकशीत मुख्य दोष त्या पत्र्यांच्या गाभ्याला दिला गेला, पण फोमनेही आगीला हातभार लावल्याचं नोंदवलं गेलं. जुनी इमारत घातक नव्हती, तिच्या अंगावर चढवलेलं पांघरूण घातक होतं.

आता काही जण म्हणतील, "सर, पत्र्याच्या वर्गात एप्रिलमध्ये बसून बघा, मग फोमला नावं ठेवा." हा मुद्दा खरा आहे. मुलं उन्हात भाजून निघतात, आणि छताला उष्णतारोधक लागतोच. दुसरे म्हणतील, "आमचा माल आगरोधक आहे, दुकानदाराने सांगितलंय." इथे मात्र सावध राहायला हवं. आगरोधक रसायन मिसळलेला फोम लहान ज्योतीला काही काळ तोंड देतो, मोठ्या आगीत तोही जळतो. शिवाय जुन्या बोर्डांत ते रसायन घातलंय की नाही, हे नुसतं बघून कळत नाही. वर्षं जातात तसं वरचं प्लास्टर निघतं, पंख्यासाठी भोकं पडतात, त्यातून वायरी ओढल्या जातात. फोम झाकलेला असतो तोवर धोका कमी, उघडा पडला की वाढला.

म्हणून सगळं छत उद्याच उपसा, असं मी म्हणत नाही. पुढच्या पालक सभेत एवढं ठरवूया :

१. छतात आणि भिंतीत कोणता माल आहे, कधी बसवला, याची नोंद मुख्याध्यापकांच्या फाइलमध्ये असावी.
२. फोम उघडा पडला असेल तिथे प्लास्टर किंवा जिप्सम बोर्डने लगेच झाकावं.
३. त्यातून जाणारी वायरिंग जाणकार वायरमनकडून तपासून घ्यावी.
४. जवळपास वेल्डिंग असेल तर आधी फोम काढावा, आणि मुलं शाळेत असताना ते काम करूच नये.
५. नवीन काम निघालं की न जळणारा रॉकवूल मागावा. बजेट नसेल तर छतावर निदान पांढरा चुना मारावा, त्यानेही उकाडा कमी होतो.

आपल्याकडे २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. तो लागू असलेल्या इमारतींच्या मालकाला किंवा भोगवटादाराला वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. तो कागद जरूर मागा. पण नळकांडी भरलेली आहेत एवढ्यावर समाधान मानू नका, वर बोट दाखवून छताबद्दलही विचारा.

आणि शिक्षकांनो, दुर्वाहकाचा धडा शिकवताना फळ्यावर एक ओळ वाढवा : उष्णता अडवणारी वस्तू आग अडवेलच असं नाही. मुलं ती घरी जाऊन सांगतील, आणि घराच्या छताकडेही कुणीतरी बघेल.