सड्स : फेस बादलीतला आणि तळ्यातला

धुण्याच्या बादलीत पावडर टाकून हात फिरवला की वर पांढरा थर येतो. आपण त्याला फेस म्हणतो आणि मोकळे होतो. ताकावर आला तरी फेस, लाटेवर आला तरी फेस, दाढीच्या ब्रशवरही फेसच. इंग्रजीत एवढ्याने भागत नाही. फेस कशाचा आणि कसा आला, यावरून तिथे शब्द बदलतो. बादलीतल्या या फेसाचे रोजच्या बोलण्यातले नाव आहे ‘सड्स’.

शब्द नेहमी अनेकवचनी, सिझर्स किंवा ट्राउझर्ससारखा. एका बुडबुड्याला कोणी ‘सड’ म्हणत नाही. साबणाचा फेस हा त्याचा मुख्य अर्थ, पण फेसासकट ते साबणाचे पाणीही त्यात येते. अमेरिकेत गमतीने बिअरलाही सड्स म्हणतात. तिथल्या रेडिओवरच्या रोजच्या रडक्या मालिकांचे खर्च साबण कंपन्या करीत, म्हणून त्या मालिकांना ‘सोप ऑपेरा’ हे नाव पडले. पुढे त्यांना ‘सड्सर’ असेही म्हणू लागले. दुपारी मालिका लावून धुणे घड्या करणाऱ्या गृहिणींना यातली गंमत वेगळी सांगायला नको.

सड्सची भावंडे बरीच. ‘फोम’ हा सर्वांत मोठा, सर्वसमावेशक. समुद्राचा फेस, आग विझवण्याचा फेस आणि सोफ्यातली मऊ गादी, सगळे फोम. आपल्या संस्कृत ‘फेन’शी त्याचे दूरचे नाते मानले जाते. ‘लॅदर’ म्हणजे घासून, चोळून आणलेला फेस: दाढीचा, केसांना लावलेल्या शांपूचा, किंवा दौडून आलेल्या घोड्याच्या अंगावरचा घामाचा. माणूस घाबराघुबरा झाला की तोही ‘लॅदर’मध्ये असतो. मराठीत काम करता करता तोंडाला फेस येतो. तिथे दमणूक आहे, इंग्रजीत घालमेल. ‘फ्रॉथ’ हा वरवरचा फेस. कॉफीवरचा, बिअरवरचा. म्हणून ज्या बोलण्यात अर्थ नाही तेही फ्रॉथ. थोडे थांबा, आपोआप बसेल, असा त्या शब्दाचा सूर असतो.

नेमका हाच शब्द बंगळुरूच्या बाबतीत फसवा ठरला.

या शहराच्या आग्नेयेला बेळ्ळंदूर तलाव आहे, सुमारे ९०० एकरांचा. त्याचे पाणी पुढे वर्तूर तलावात आणि तिथून दक्षिण पिनाकिनी नदीत जाते. २०१५ च्या सुमारास या तलावांच्या सांडव्यांवरून फेसाचे पुंजके उडून रस्त्यावर येऊ लागले. दुचाकीवाल्यांना समोरचे दिसेना, चालणाऱ्यांच्या अंगाला खाज सुटू लागली. लांबून छायाचित्रे पाहणाऱ्याला वाटावे, बंगळुरूत बर्फ पडला. मे २०१५ मध्ये तर फेसाने पेटही घेतला. त्यात अडकलेले तेल-वंगण आणि तळ्यातला ज्वालाग्राही वायू यांच्याकडे तेव्हा बोट दाखवले गेले. नमुची असुराला ओल्याने किंवा कोरड्याने मरण नव्हते, म्हणून इंद्राने त्याला फेसाने मारले, अशी जुनी कथा आहे. फेस पाणीही नव्हे आणि वाराही नव्हे, हे कथाकारांनी बरोबर हेरले होते. पण तो पेटेल असे त्यांनाही सुचले नसावे.

इंग्रजी वर्तमानपत्रांनी या प्रकाराला फ्रॉथ म्हटले, फोम म्हटले. रस्ता वाचावा म्हणून सांडव्याकाठी उंच जाळ्या लावल्या गेल्या. फेस जाळीच्या आत राहिला, एवढेच. तो कुठून आला हे ‘फ्रॉथ’ या शब्दातून कळत नाही. ‘सड्स’मधून कळते. शहराच्या सांडपाण्याचा मोठा वाटा बेळ्ळंदुरात उतरत आला आहे, आणि त्या सांडपाण्यात लाखो घरांच्या मोऱ्यांतले धुण्याचे पाणी आहे.

भारतीय विज्ञान संस्था याच शहरातली. तिथल्या संशोधकांनी या तळ्याच्या पाण्याचा काही वर्षे अभ्यास केला. पावडरीतला फेस आणणारा पदार्थ सगळाच विघटित होत नाही; उरलेला गाळाच्या कणांना चिकटून तळाशी बसतो आणि साठत जातो. मोठा पाऊस आला की गाळ ढवळतो, पाणी सांडव्यावरून उंचावरून कोसळते, हवा त्यात कोंडते आणि महिनोन् महिन्यांचे धुणे एकदम वर येते. काही जिवाणू त्या बुडबुड्यांना टिकाऊपणा देतात, म्हणून हा फेस लवकर बसत नाही.

आता शब्दाकडे परत यायला हरकत नाही. सुरुवातीला इंग्रजीत सड्सचा अर्थ साबणाशी जोडलेला नव्हता. गाळ, तळाशी उरलेली घाण, पुराचे पाणी ओसरल्यावर मागे राहिलेला चिखल, असे त्याचे जुने अर्थ सापडतात. दलदल या अर्थाच्या एका जुन्या डच शब्दाशी त्याचे नाते असावे, असा कोशकारांचा अंदाज आहे. साबण त्याला नंतर येऊन चिकटला. बेळ्ळंदूरच्या फेसाला याहून चपखल शब्द कोशात शोधून सापडणार नाही.

या साऱ्यात एक घरगुती गैरसमजही आहे. फेस जास्त म्हणजे कपडे स्वच्छ, असे आपण धरून चालतो. बोअरचे पाणी जड असले की साधा साबण फेसत नाही, उलट मळीसारखा साका वर येतो. मग पावडरीचा आणखी एक चमचा पडतो. वास्तविक मळ काढायला फेसाची गरज नसते. पुढून दार असलेल्या धुलाईयंत्राची पावडर तर मुद्दाम कमी फेसाची बनवतात. आपल्या आज्या रिठे भिजत घालत. रिठ्याचे एक संस्कृत नाव ‘फेनिल’ आहे, पण त्याचा फेस कुठल्या तळ्यावरून रस्त्यावर आल्याचे ऐकिवात नाही. अर्थात तेव्हा शहरे एवढी नव्हती, हेही खरे.

मराठीने फेसाचा वापर स्वयंपाकघरात अधिक केला. मोहरी ‘फेसतात’, सुतरफेणी ताटात येते, गोव्याच्या फेणीचे नावही फेणावरून पडल्याचे सांगतात. बंगळुरूत फेसाला कन्नडमध्ये ‘नोरे’ म्हणतात; फिल्टर कॉफी पेल्यातून वाटीत उंचावरून ओतल्यावर येते ती नोरे, आणि वर्तूरच्या सांडव्यावर येते तीही नोरेच. तेच पाणी नदीतून तमिळनाडूत उतरते आणि होसूरजवळच्या केलवरपल्ली धरणात पोहोचते. तिथल्या शेतकऱ्यांनीही आपल्या पुलांवर आणि रस्त्यांवर तो पांढरा थर अनेकदा पाहिला आहे. ते त्याला ‘नुरै’ म्हणतात.