वेळेचा रकाना

पॉलिहाऊसमधली शेवंती आखूड दांडीवरच कळीला आली, की पहिला संशय रोपवाटिकेवर जातो आणि दुसरा खतावर. टायमर उघडून बघायचं सहसा कुणाला सुचत नाही. बॅटरी नसलेल्या साध्या टायमरचं घड्याळ वीज गेली की थांबतं. रोज दोन तास भारनियमन असेल, तर रात्रीचा अंधार तोडायला रात्री दहाला लागणारे दिवे चार दिवसांत सकाळी सहावर जातात. दिव्यांचे चार तास पुरे भरतात, बिलही तेवढंच येतं, आणि रात्र मात्र सलग अंधारी राहते.

आपल्याकडे याची किंमत जास्तच मोजावी लागते. पुण्याच्या अक्षांशावर जूनमधला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपासचा. कटफ्लॉवरच्या बऱ्याच जाती साडेतेरा तासांहून लहान दिवसात कळी धरतात. म्हणजे त्यांच्या लेखी इथे बारमाही लहान दिवसच. शाकीय वाढीसाठी दिवे भर उन्हाळ्यातही लावावे लागतात.

पानात नेमकं काय घडतं, हे जपानमधल्या हिगुची आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये शेवंतीच्या एका रानटी प्रजातीवर दाखवलं. फुलण्याचा निरोप देणारं प्रथिन पानात तयार होतं, तसं तो निरोप अडवणारंही तयार होतं. रात्री लाल प्रकाश पडला की प्रकाश टिपणारं फायटोक्रोम त्याची दखल घेतं आणि या दुसऱ्या प्रथिनाचं जनुक सुरू होतं. गंमत अशी की हे जनुक रात्रभर सारखी दाद देत नाही. अंधार पडून किती वेळ झाला, यावर त्याची संवेदनशीलता ठरते. नुसते तास मोजून भागत नाही ते यामुळे.

वेळेचा हा हिशेब राखणारं घड्याळही जनुकांचंच. ते सर्वांत बारकाईने उलगडलं गेलं अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या इवल्याशा झाडात. सीसीए-१ आणि एलएचवाय ही जनुकं पहाटे जोरात असतात आणि टीओसी-१ला दाबून ठेवतात. दिवस कलताना त्यांचा जोर ओसरतो, टीओसी-१ डोकं वर काढतं आणि उलट त्यांनाच दाबतं. या झाडाची सुमारे एक तृतीयांश जनुकं अशा घड्याळाच्या तालावर कमी-जास्त होतात. दिवसा साठवलेला स्टार्च पहाटेपर्यंत बेताने पुरवण्याचं कामही त्याच्याकडेच आहे.

ब्रिस्टल विद्यापीठाच्या गटाने २०१९ मध्ये याच झाडावर दाखवलं, की ग्लायफोसेट या तणनाशकाची किती मात्रा पुरेल हे फवारणीच्या वेळेवर आणि झाडाच्या अंतर्गत घड्याळावर अवलंबून असतं. यावरून कुणी ‘जैविक घड्याळानुसार फवारणी’चं छापील वेळापत्रक विकायला आलं, तर त्याला चहा पाजून परत पाठवावं. प्रयोगशाळेतलं अरॅबिडॉप्सिस म्हणजे बांधावरची हरळी नव्हे. शेतात दव असतं, वारा असतो, पानांचा कोन बदलतो. पण आमच्याकडे येणाऱ्या नोंदींत लिटरला किती मिली ते असतं आणि फवारणी सकाळी सातची की दुपारी चारची, याचा पत्ता नसतो. मग फरक औषधाचा, हवेचा की वेळेचा, हे शोधायचं तरी कसं?

पुढच्या अंकासोबतच्या नोंदतक्त्यात म्हणून वेळेचा वेगळा रकाना घातला आहे. शेवंतीवाल्यांनी दिवे लागण्याची आणि विझण्याची प्रत्यक्ष वेळ त्यात लिहावी, टायमरवर लावलेली नको. शक्य असेल त्यांनी बॅटरीचा टायमर बसवावा. बाकीच्यांनी वीज आल्यावर साधा टायमर हाताने जुळवावा आणि जुळवल्याचंही नोंदवावं. भारनियमनाच्या पट्ट्यातले तक्ते आम्हाला आधी हवे आहेत.